गेट पडलं की भरणारा बाजार

धावत्या गाडीतल्या माणसाची गोष्ट कुणाला सांगता येत नाही. तो दिसतो न दिसतो तोच गेलेला असतो. गोष्टी असतात त्या थांबलेल्या माणसांच्या. आणि आमच्या फाटकावर तर सगळं जगच थांबायचं! गेट उघडलं की गाड्या निघून जायच्या, गोष्टी आमच्यापाशी राहायच्या. आता आम्ही जुने लोक कुठं भेटलो की एक गोष्ट निघते, आणि तिच्यामागे दुसरी हॉर्न देत उभीच असते.

नागपूरहून कामठीकडे जाणाऱ्या एका रस्त्यावर आमचं रेल्वे फाटक. मी लहान होतो तेव्हा ते गावाबाहेर होतं. मग शहर वाढत वाढत आलं आणि फाटकाच्याही पुढे निघून गेलं. रस्ता रुंद झाला. इकडून दोन, तिकडून दोन अशा चार गाड्या आरामात चालतील एवढा. फाटक मात्र होतं तेवढंच राहिलं, एक जाणारी आणि एक येणारी गाडी मावेल इतकं. घंटी वाजून गेट पडलं की मौद्याकडचे ट्रक, कामठीचे शेअर ऑटो, शाळेच्या व्हॅन, वऱ्हाडाच्या बस, सगळे एकामागे एक उभे.

आणि मग आमचा बाजार भरायचा.

मी संत्री विकायचो, उन्हाळ्यात काकड्या. देविदास फुटाणे आणि पाण्याच्या बाटल्या विकायचा. रहमानभाई गाडीच्या काचेला लावायचे उन्हाचे पडदे घेऊन फिरायचे. आणि वच्छलाबाई भुईमुगाच्या शेंगा भाजायची. तिची शेगडी कडुनिंबाखाली, माझी टोपली तिच्या शेजारी. मी पहिल्यापासून कमी बोलणारा, आणि बोललो तरी सावकाश. देविदास म्हणायचा, "बापू, तुम्ही 'संत्री घ्या' म्हणेपर्यंत गाडी भंडाऱ्याले पोचते!"

वच्छलाबाईचा नवरा लवकर गेला. मुलगा प्रशांत नागपूरच्या दुसऱ्या टोकाला, हुडकेश्वरला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. मुलगा चांगला, सूनही चांगली. "आई, आता बस झालं, चल आमच्याकडे," असं दोघंही म्हणायचे. ही म्हणायची, "गेट आहे तोवर मी इथंच. गेट गेलं की ये मले न्याले."

तिला वाटलं होतं, गेट कुठं जातं! आणि मग फाटकावरून पूल होणार अशी बातमी आली.

•

जाम कशाने लागायचा ते सांगतो. गेट पडलं की पहिल्या गाड्या नीट डाव्या बाजूला उभ्या राहायच्या. मग मागून एखादा घाईवाला यायचा, लाइन सोडून उजवीकडून पुढे घुसायचा. त्याच्या मागे दुसरा. पलीकडच्या बाजूलाही तेच. गेट उघडलं की दोन्हीकडच्या गाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या! मग कोण कुठून निघणार?

वच्छलाबाईने यावर उपाय काढला होता. गेट पडलं की ती आपली टोपली घेऊन उजव्या बाजूला, बरोबर मधोमध बसायची. एकदा मोठी काळी गाडी आली. हॉर्नवर हॉर्न.

"सरक ना बाई!"

"कुठं जातं बाबू? समोर गेट पडलं आहे. रुळावर उभा राहशील काय?"

"मले पुढं जायचं आहे!"

"समोरच्यालेही पुढंच यायचं आहे ना गा! तो काय मागं जाऊन राहिला?"

त्या माणसाने गाडी मागे घेतली, लाइनीत लावली, काच खाली केली आणि म्हणाला, "आता शेंगा तरी द्या."

"आता देते. लाइनीत असलेल्यालेच देते मी!"

•

रहमानभाईंचं काम आमच्यापेक्षा अवघड. आमचं काय, पुडी दिली की झालं. त्यांना पडदा काचेला लावूनही दाखवावा लागायचा. एका मे महिन्यात भर दुपारी एका कुटुंबाने त्यांना गाडीतच बोलावलं. मागच्या सीटवर आजीबाई होत्या, त्यांच्या अंगावर ऊन येत होतं. रहमानभाई आत शिरले, आजीबाईंच्या पलीकडे वाकून पडदा लावू लागले. आत थंडगार एसी. "अम्मा, इधर से भी लगा देता हूँ," म्हणत म्हणत त्यांनी दार ओढून घेतलं.

तेवढ्यात गेट उघडलं!

मागचे हॉर्न मारू लागले. गाडीवाला निघाला. आम्ही पाहतो तर रहमानभाई आतून काचेवर हात मारताहेत आणि गाडी चालली कामठीकडे. थांबवायला जागाच नव्हती. मागे ट्रक, बाजूला ट्रक, आणि त्या रस्त्याला कडेला उभं राहायची सोय कुणी केलेलीच नव्हती.

बऱ्याच वेळाने रहमानभाई शेअर ऑटोतून परत आले. हातात एक डबा.

"कुठं गेले होते गा भाई?" देविदासने विचारलं.

"होम डिलिव्हरी!" रहमानभाई म्हणाले, आणि डबा उघडून आजीबाईंनी दिलेले लाडू आमच्यापुढे ठेवले.

•

एक मुलगी रोज कॉलेजातून शेअर ऑटोने यायची. जाम लागला की वच्छलाबाईकडून शेंगा घ्यायची आणि टरफलं बाहेर टाकायची. एक दिवस तिच्या ऑटोला खेटून एक गाडी उभी होती. गाडीत नवे कपडे घातलेला मुलगा, त्याचे आईवडील आणि मामा. एक टरफल उडून बरोबर मुलाच्या पांढऱ्या शर्टावर!

"ओ मॅडम! काही मॅनर्स आहेत का नाही?"

"तुमची गाडी काहून घासून लावली इतकी? माझ्या तोंडात यायची बाकी आहे फक्त!"

गेट उघडेपर्यंत भांडण चाललं. मामांनीही त्यात भाग घेतला. मग ऑटो पुढे गेला, गाडी मागे राहिली.

पुढे काय झालं ते आम्हाला खूप दिवसांनी कळलं. ती मंडळी मुलगी पाहायला निघाली होती. पत्ता शोधत मुलीच्या घरी पोचली, बसली, आणि पोह्यांचा ट्रे घेऊन हीच मुलगी बाहेर आली!

लग्न झाल्यावर दोघं मोटारसायकलवरून पेढे घेऊन आले. वच्छलाबाईने पोरीच्या तोंडावरून हात फिरवला आणि मोठी पुडी बांधून दिली.

"आता तरी टरफलं रस्त्यावर टाकू नको वं," ती म्हणाली.

"नाही टाकत मावशी," पोरगी म्हणाली. "आता यांचा खिसा आहे ना!"

•

देविदासची वस्ती फाटकापासून जवळ, मागच्या बाजूला. अरुंद गल्ली, घरासमोर बुद्धविहार, विहारासमोर छोटं अंगण, आणि तिथे गल्ली संपते. एकदा फाटकावर फार मोठा जाम लागला. पुढच्या गाडीवाल्याने मोबाइलमध्ये नकाशा पाहिला आणि म्हणाला, "डावीकडून रस्ता आहे!" देविदास ओरडला, "भाऊ, तिकडं रस्ता नाही!" पण मोबाइल रस्ता आहे म्हणत होता. तो वळला. त्याच्या मागे दुसरा, दुसऱ्याच्या मागे तिसरा. बघता बघता आमची अर्धी गिऱ्हाइकं वळून गेली.

आम्ही टोपल्या घेऊन बसलो. थोड्या वेळाने देविदासचा फोन वाजला. त्याच्या बायकोचा, निर्मलाचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"अवो, ऐकता काय? सगळं सोडा आणि फुटाणे घेऊन घरी या! गेट आपल्या अंगणात आलं!"

•

पुलाचं मोजमाप सुरू झालं तेव्हा एक इंजिनिअर मुलगी यायची. डोक्यावर पिवळं हेल्मेट, बोलणं मऊ. दुपारी कडुनिंबाखाली डबा खायला बसायची. वच्छलाबाईने तिला एक दिवस सरळच विचारलं, "बाई, गेटले काही करता नाही येत काय? पूलच काहून पाहिजे?"

तिने वच्छलाबाईच्याच शेंगा घेतल्या आणि सुपात मांडल्या. "ह्या चार रांगा. हे फाटक. इथं दोनच रांगा मावतात. रस्ता कितीही रुंद करा मावशी, गळा एवढाच राहिला तर गाड्या गळ्यातच अडकणार. आणि गाड्या दर वर्षी वाढतात."

वच्छलाबाईने नीट पाहिलं. मग सुपातल्या चार-पाच शेंगा उचलून फोडल्या आणि खाऊन टाकल्या.

"आता झालं काय मोकळं?"

मुलगी पोट धरून हसली. "मावशी, गाड्या अशा खाता आल्या असत्या तर मी आणि पूल, दोघंही घरी बसलो असतो!"

जाताना मात्र ती वच्छलाबाईचा हात हातात घेऊन थोडा वेळ बसली. तिलाही कळलं होतं, हा पूल कुणाला कुठे नेऊन ठेवणार आहे. म्हणाली, "पूल झाला की फाटकाचा जाम संपेल, मावशी. पण पुलाचा उतार सरळ चौकात जातो. जाम तिथं जाईल. मी सांगून पाहिलं, पण वरचे साहेब बाजूला जागा नाही म्हणाले."

"म्हणजे जामही जागा बदलते म्हण ना," वच्छलाबाई म्हणाली. "त्याले तरी पाय आहेत."

•

पुलाचं काम चालू होतं ती आमची खरी सुगी. अर्धा रस्ता खोदलेला, उरलेल्या अर्ध्यात दोन्हीकडची वाहतूक. एवढा जाम आयुष्यात पाहिला नव्हता! एक ट्रक ड्रायव्हर माझ्याकडून संत्री घ्यायचा, खायचा, पुन्हा घ्यायचा, तरी तिथेच असायचा. तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, "बाबा, माझं एक काम करता? बिया इथं पुरून ठेवा. झाड लागलं की सावलीत उभा राहीन!"

आम्ही हसायचो. पण एक खांब उभा राहिला की दुसऱ्यासाठी खड्डा व्हायचा, आणि आम्ही वच्छलाबाईच्या तोंडाकडे पाहायचो. ती खांबांकडे पाठ करून बसायला लागली होती.

•

मग पूल सुरू झाला. हार, फटाके, भाषण, सगळं वरच्या वर झालं. सगळ्या गाड्या आमच्या डोक्यावरून जायला लागल्या. गेट अजून काढलं नव्हतं. खालून सायकली, हातगाड्या, एखादी म्हैस जायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सवयीने आलो आणि सवयीनेच बसलो. घंटी वाजली. गेट पडलं. आणि काय सांगू! आम्ही चौघंही ताडकन उठलो. मी टोपली डोक्यावर घेतली, देविदासने बाटल्या उचलल्या, रहमानभाईंनी पडदा उघडून धरला आणि वच्छलाबाई पुड्या घेऊन धावली.

समोर रिकामा रस्ता. एक कुत्रा तेवढा गेटापाशी थांबला होता, शहाण्यासारखा डाव्या बाजूला.

आधी रहमानभाई हसले. मग आम्ही सगळे हसलो. पडदा गुंडाळत रहमानभाई म्हणाले, "इसको क्या बेचूँ? इसमें तो काँच ही नहीं!"

वच्छलाबाई हसली नाही. तिने एक शेंग फोडून कुत्र्यापुढे टाकली आणि शेगडीपाशी जाऊन बसली.

•

इंजिनिअर मुलगी म्हणाली होती तसंच झालं. जाम चौकात गेला. पुलावरून भरधाव आलेल्या गाड्या खाली चौकात येऊन थिजायच्या. रहमानभाई आणि देविदास तिकडे जायला लागले. मीही दोनदा गेलो. पण तिथे सगळं वेगळं होतं. फाटकावर गेट पडलं की माणसाला कळायचं, आता आगगाडी जाईपर्यंत आपल्या हातात काही नाही. मग तो इंजिन बंद करायचा, उतरायचा, पाय मोकळे करायचा, घरची गोष्ट सांगायचा. चौकातला माणूस क्लचवर पाय ठेवूनच असतो. काच वर, नजर सिग्नलवर. मी 'संत्री' म्हणेपर्यंत हिरवा!

वच्छलाबाईला देविदास एक दिवस मोटारसायकलवर बसवून घेऊन गेला. संध्याकाळी परत आणली. तिची टोपली भरलेलीच होती.

"काय झालं बाई?"

"तिथं कोणी थांबत नाही बापू. अडकते फक्त," ती म्हणाली. "मले नाही जमत. प्रशांतले सांगितलं, गेट बंद झालं की ये म्हून."

त्यानंतर ती बराच वेळ शेगडीतले निखारे वरखाली करत राहिली. मला काहीतरी म्हणायचं होतं. पण मी शब्द जुळवीपर्यंत ती उठून गेली.

•

आणि मग गेटचा शेवटचा दिवस. गेटमन मिश्राजींनी सांगितलं, दुपारची पॅसेंजर गेली की गेट शेवटचं उघडायचं, आणि नंतर कायमचं बंद. पुढे भिंत येणार. प्रशांत दुपारीच गाडी घेऊन येणार होता. वच्छलाबाईची पेटी कडुनिंबाखाली बांधून तयार होती. तरी सकाळी बाईने सवयीने टोपलीभर शेंगा भाजल्या!

देविदास माझ्याजवळ आला. "बापू, या शेंगा अशाच हुडकेश्वरले जातील काय?"

रहमानभाई म्हणाले, "बिल्कुल नहीं."

दोघं बाजूला गेले आणि फोन लावू लागले. मला एवढंच सांगितलं, "तुम्ही वस्तीतली एखादी हातगाडी घेऊन मागं उभे राहा. आणि बापू, काही बोलू नका." तेवढं मला जमत होतं.

घंटी वाजली. गेट पडलं. आणि देविदासच्या वस्तीतून एक मोपेड आली. मग दुसरी. मग सायकली, भंगारवाल्याची गाडी, पाण्याचा टँकर, लग्नाच्या बँडची रिकामी गाडी. पलीकडून रहमानभाईंनी बोलावलेले कामठीचे शेअर ऑटो, लूमवर कापड विणणारे लोक, सुताच्या गाठोड्यांनी भरलेला टेम्पो. पूल वर मोकळा, आणि खाली आमच्या फाटकावर जाम!

वच्छलाबाई उठून उभी राहिली. कपाळावर हात धरून तिने रस्त्याकडे पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं. मग पदर खोचला आणि टोपली उचलली.

पहिल्याच मोपेडवर निर्मला बसली होती.

"काय वं, कुठं निघाली?"

"कुठं नाही ना बाई, अडकली!"

"घे मग शेंगा."

रांगेतून ती एकेक पुडी देत चालली. जो तो आपल्याला किती उशीर होतोय ते तिला सांगत होता. बँडवाल्याला मिरवणुकीला जायचं होतं, टँकरवाल्याची अख्खा मोहल्ला वाट पाहत होता. ती सगळ्यांचं ऐकून घेत होती, आणि तिचं तोंड असं फुललं होतं की मी दुसरीकडे पाहिलं.

पॅसेंजर गेली. मिश्राजींनी गेट उघडलं.

कुणीच हललं नाही!

हलणार कसं? जाम करायला बोलावलं होतं, तर लोकांनी आपल्याला माहीत होता तसाच जाम केला होता. इकडचे लोक सगळा रस्ता भरून उभे, तिकडचेही सगळा रस्ता भरून उभे. तोंडाला तोंड! मिश्राजी झेंडी हलवत केबिनबाहेर आले. "अरे भाई, आज तो आधा रस्ता छोड़ो!"

"पहले उनको बोलो!" ऑटोवाले ओरडले.

"काहून? आम्ही आधी आलो!" बँडवाला ओरडला.

आता कुणी नाटक करत नव्हतं. मागून पुलाखालच्या सर्व्हिस रोडने येणारी खरी माणसंही येऊन अडकली. सगळ्यात मागे माझी हातगाडी, आणि माझ्या मागे एक पांढरी गाडी येऊन थांबली. काच खाली झाली. प्रशांत होता.

"काका, पूल झाला ना? मग हे काय? मले चारच्या आत परत जायचं आहे. आई कुठं आहे?"

मी उत्तर जुळवायला लागलो. तेवढ्यात रांगेच्या शेवटी वच्छलाबाईच आली. टोपलीत तळाशी थोड्या शेंगा उरल्या होत्या. तिने प्रशांतकडे पाहिलं. कागद घेतला, पुडी वळली, शेंगा भरल्या आणि त्याच्या खिडकीत धरली.

"आई, चल ना. किती वेळ..."

"गेट उघडाले वेळ आहे बाबू," ती म्हणाली. "शेंगा घे."

प्रशांतने समोर पाहिलं. गेटचे दोन्ही दांडे सरळ आभाळाकडे उभे होते, त्याच्या सीटवरून स्वच्छ दिसत होते. त्याने दांड्यांकडे पाहिलं, मग आईच्या तोंडाकडे पाहिलं.

आणि इंजिन बंद केलं.